निकाल आधी, माणसं नंतर

तुमच्या कथा वाचून झाल्या. आज गोड बोलायचा माझा विचार नाही, तेव्हा वह्या मिटा आणि ऐका.

विषय साधा दिला होता. एक श्रद्धाळू माणूस, एक संशयी माणूस. दोघांना एका छपराखाली आणा आणि पुढे काय होतं ते लिहा. साहित्य शिकायला आलेल्या, उद्या लेखक व्हायचं म्हणणाऱ्या मुलामुलींनी यात जीव ओतायला हवा होता. तुम्ही पाट्या टाकल्यात.

जवळजवळ प्रत्येक कथेत एक डॉक्टर आहे. डॉक्टर नसेल तिथे अमेरिकेतून सुट्टीवर आलेला इंजिनिअर. तो चष्मा पुसतो, कुत्सित हसतो आणि उठता बसता ‘विज्ञान’ म्हणतो. त्याच्यासमोर आजी. आजीच्या हातात जपमाळ, कपाळावर आठ्या नाहीत, मनात शंका नाही, डोक्यात विचारही नाही. घरात लहान मूल तापानं फणफणलेलं. इथून पुढे तुम्हाला दोनच वाटा माहीत आहेत. एक, आजी अंगारा लावते, मूल डोळे उघडतं आणि डॉक्टर देवघरासमोर हात जोडतो. दोन, गावातला बाबा भोंदू निघतो आणि आजी पदरानं डोळे पुसत म्हणते, बाळा, तुझंच खरं. यातली कोणती वाट निघणार हे मला पहिल्या परिच्छेदातच कळत होतं, कारण ती कथेतल्या माणसांनी ठरवलेली नव्हती. लिहिणाऱ्याच्या घरी काय मानतात, त्यावर ती ठरली होती.

हा तंत्रातला दोष आहे असं समजून स्वतःची समजूत घालू नका. भाषा कच्ची असती तर मी समजून घेतलं असतं, शिकवलं असतं. इथे दोष दानतीचा आहे. तुम्ही निकाल आधी लिहिलात आणि मग त्या निकालाला साजेसे साक्षीदार गोळा केलेत. एकाचं वकीलपत्र घेतलंत आणि दुसऱ्याला तोंड उघडू दिलं नाहीत. शेतात बुजगावणं उभं करायचं, त्याला काठीनं झोडायचं आणि लढाई जिंकली म्हणून घरी यायचं, याला धाडस म्हणत नाहीत.

आणि ही वेळ तुमच्यावर यायचं कारण नव्हतं. ‘ब्रदर्स करमाझोव्ह’ तुम्हाला याच सत्रात वाचायला लावली होती. त्यावरची तुमची उत्तरंही माझ्यासमोर आहेत. इव्हान नास्तिक, अल्योशा आस्तिक, शेवटी श्रद्धेचा विजय. थोड्याफार फरकानं सगळ्यांनी हेच लिहिलं आहे. म्हणजे कादंबरी कोणीच वाचलेली नाही आणि गाईड मात्र सगळ्यांनी एकच वाचलं. मला याचा मनापासून राग आला आहे. का आला, ते आता सांगते.

ही कादंबरी ज्या माणसानं लिहिली त्याची त्या वेळची अवस्था काय होती, हे तरी बघायचं होतं. मे १८७८ मध्ये दोस्तोयेव्हस्कीचा धाकटा मुलगा फेफऱ्याच्या झटक्यात गेला. मूल तीन वर्षांचंही पुरतं झालं नव्हतं. फेफऱ्याचा आजार बापाचा. मुलाकडे तो बापाकडून आला, हे बापाला पक्कं ठाऊक होतं. मुलाचं नाव अल्योशा. त्याच उन्हाळ्यात तरुण तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्यॉव्हला बरोबर घेऊन तो ऑप्तिनाच्या मठात गेला, तिथल्या अम्ब्रोसी नावाच्या वृद्ध साधूला भेटला, परत आला आणि लिहायला बसला. जानेवारी १८७९ पासून नोव्हेंबर १८८० पर्यंत कादंबरी ‘रुस्की वेस्तनिक’ मासिकातून येत राहिली. शेवटचा भाग छापून झाल्यावर तीनच महिन्यांत लेखक गेला.

आता हा लेखक कोणत्या बाजूचा होता? श्रद्धेच्या. उघड उघड, ठामपणे. चर्चवर, ख्रिस्तावर त्याचा विश्वास होता आणि त्या काळच्या रशियातली नास्तिक तरुण मंडळी देश बुडवणार असं त्याला वाटत होतं. तुमच्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, मॅडम, मग लेखकानं बाजू घ्यायचीच नाही का? खुशाल घ्यावी. दोस्तोयेव्हस्कीनं घेतली होती. पण बाजू घेणारा प्रामाणिक लेखक काय करतो ते बघा: आपल्या देवाविरुद्धचा सगळ्यात जबर दावा तो स्वतः तयार करतो. आपला मुलगा नुकताच गेलेला असताना मुलांच्या दुःखावरूनच देवाला पिंजऱ्यात उभं करतो. आणि आरोप करायला जो माणूस निवडतो, त्याला या कादंबरीतली सगळ्यात तल्लख बुद्धी देतो.

पाचव्या खंडातला तो खानावळीतला प्रसंग तुम्ही वाचला असता, तर तुमच्या डॉक्टरची तुम्हालाच लाज वाटली असती. दोघे भाऊ खिडकीपाशी, पडद्याच्या आडोशाला बसले आहेत. पडद्यापलीकडे बाटल्यांची बुचं उडताहेत, बिलियर्डचे चेंडू आपटताहेत. इव्हान तेवीस-चोवीस वर्षांचा, अल्योशा विशीचा, मठाचा झगा घातलेला. वर्षानुवर्षं वेगळे राहिलेले. आणि जगाच्या नियंत्याचा हिशोब मांडण्याआधी इव्हान काय करतो? धाकट्यासाठी माशाचं सूप सांगतो, चहा सांगतो, आणि विचारतो, चेरीचा मुरंबा मागवू का, लहानपणी तुला फार आवडायचा. अल्योशाला नवल वाटतं की याच्या हे लक्षात आहे. मुरंबा त्याला अजूनही आवडतो.

या मुरंब्यापाशी थांबा. तुमच्या एकाही कथेत डॉक्टरला आजीची आवड माहीत नाही. त्याच आजीनं त्याला लहानाचं मोठं केलं, असं तुम्हीच लिहिता आणि दोन पानं ती दोघं फक्त वाद घालतात. ती जेवली का, हे तो विचारत नाही. त्याचा चेहरा उतरलाय, हे तिला दिसत नाही. घरात अशी माणसं असतात का? आपल्याकडे एका ताटात जेवणारे दोन भाऊ असतात, एक आळंदीला पायी जातो, दुसरा देवळाच्या पायरीशी चपला सांभाळत बसतो आणि तरी पहिल्याच्या पायाला फोड आला की मलम दुसराच लावतो. हे तुम्ही घरोघरी बघता आणि लिहायला बसलात की विसरता. एकमेकांवर जीव असलेली माणसं समोरासमोर बसतात तेव्हाच त्या वादाला धार येते. कोणाचं तरी काहीतरी तुटणार असतं. परक्या माणसांच्या वादात काय तुटणार?

मुरंब्यानंतर इव्हान बोलायला लागतो. देव नाहीच, असं म्हणून तो मोकळा होत नाही. तसं म्हणणं सोपं होतं. तो म्हणतो, देव असेल, मानतो. त्यानं केलेलं हे जग मला मान्य नाही. आणि तो तत्त्वज्ञान सांगत नाही, घडलेल्या गोष्टी सांगतो. एका जमीनदार जनरलच्या आवडत्या शिकारी कुत्र्याच्या पायाला आठ वर्षांच्या नोकराच्या पोरानं खेळता खेळता दगड मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी जनरलनं त्या पोराला उघडं करून पळायला लावलं आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर कुत्री सोडली. मुलांवरच्या अत्याचारांचे असे प्रकार दोस्तोयेव्हस्कीनं मनानं रचलेले नव्हते. ते छापून आलेले, घडलेले आहेत, हे त्यानं संपादकाला आवर्जून कळवलं होतं. मग इव्हान धाकट्याला विचारतो, या जनरलचं काय करावं? गोळी घालावी का?

आणि अल्योशा, मठातला, क्षमा शिकवणाऱ्या गुरूचा लाडका शिष्य, पांढराफटक पडून, ओठ वाकडे करून, हळू आवाजात होकार देतो. गोळी घालावी.

श्रद्धाळू माणूस म्हणजे हा. गोष्ट ऐकून त्याच्या काळजाला घरं पडतात आणि आपल्या शिकवणीच्या विरुद्ध शब्द त्याच्या तोंडून निघून जातो. आपण भलतंच बोललो हे लगेच त्याच्या लक्षात येतं, पण शब्द परत घेता येत नाही आणि लेखक तो घेऊही देत नाही. तुमच्या आजीला कधी असा क्षण आलाय? तिच्या श्रद्धेला एवढंसं नख तरी लागलंय? तुम्हाला वाटतं, शंका आली म्हणजे श्रद्धा कमी पडली. म्हणून तुम्ही तिला शंकेपासून जपता आणि जपता जपता तिचा दगड करून टाकता.

याच्या पुढे इव्हान आपली ती रचलेली कथा सांगतो: सेव्हिल शहर, नव्वदीचा धर्मन्यायाधीश, परत आलेला ख्रिस्त त्याच्या कोठडीत. म्हातारा बोलत राहतो, कैदी एक शब्द बोलत नाही, शेवटी उठून त्याच्या ओठांचं चुंबन घेतो. गोष्ट संपते. अल्योशाकडेही प्रत्युत्तर नाही. तो उठतो आणि भावाचं चुंबन घेतो. इव्हानला आनंद होतो आणि तो ओरडतो की ही तर माझ्याच कथेतली चोरी झाली. हा प्रसंग तुमच्यापैकी काहींनी ‘श्रद्धेचं निर्णायक उत्तर’ म्हणून लिहिला आहे. निर्णायक? हा प्रश्न खुद्द लेखकाला सुटला नव्हता. पुढचा, सहावा खंड, अल्योशाचा गुरू, वृद्ध साधू झोसिमा याच्या चरित्राचा, हेच इव्हानला उत्तर, असं त्यानं ठरवलं होतं आणि तो लिहीत असताना आपला मित्र पोबेदोनोस्त्सेव्ह याला पत्रातून आपली धास्ती कळवली होती: हे उत्तर पुरेसं होईल का? कारण ते मुद्द्याला मुद्दा असं नव्हतं. समोर एक आयुष्य ठेवायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. आपल्याच विरोधकाला इतकं बळ दिल्यावर लेखकाची झोप उडायला हवी. तुमच्यापैकी कोणाची उडाली?

झोसिमाकडेही नीट बघा. त्याच्या दाराशी एक खेडवळ बाई येते. मूल गेलेलं, अलेक्सेय नावाचं, तीन वर्षांना तीन महिने कमी. लेखकाचं स्वतःचं दुःख त्यानं त्या बाईच्या ओटीत घातलंय. झोसिमा आधी तेच सांगतो जे कोणीही सांगेल: मूल देवाजवळ आहे, देवदूतांत आहे. बाई म्हणते, नवराही हेच सांगतो, पण मूल इथे नाही ना. तिला त्याच्या चिमुकल्या पावलांचा आवाज परत एकदा ऐकायचाय. मग झोसिमा आपलं बोलणं बदलतो. तो तिला सांत्वन घेऊ नकोस म्हणतो, रड म्हणतो. साधू समोरच्याचं ऐकून आपलं वाक्य बदलतो! तुमच्या कथांतले महाराज सगळे एकजात डोळे मिटून सुविचार बोलतात. त्यांच्यासमोर रडणारी बाई असो की भिंत, त्यांना फरक पडत नाही.

आणि चमत्कार. तुम्हाला चमत्कार फार लवकर सुचतो. दोस्तोयेव्हस्कीनं या बाबतीत जे केलं ते करायला तुमच्यातला एकही श्रद्धाळू लेखक धजणार नाही. झोसिमा वारतो. साऱ्या गावाला खात्री की पुण्यवान माणसाच्या देहापाशी काहीतरी दैवी घडणार. लोक आजारी माणसं घेऊन मठात येतात. आणि दुपार कलायच्या आत प्रेताला वास सुटतो. नेहमीपेक्षा लवकर, नेहमीपेक्षा उग्र. ज्यांना तो साधू आधीपासून खुपत होता त्यांना उकळ्या फुटतात. फेरापोंत नावाचा कर्मठ तपस्वी तिथे भुतं हाकलायला धावतो. हा फेरापोंतही श्रद्धाळूच बरं का, कडक उपास करणारा, कोपऱ्याकोपऱ्यात सैतान बघणारा, आणि त्याच्या श्रद्धेत कोणाहीविषयी एक थेंब माया नाही. एकाच मठात, एकाच धर्माचे हे दोन म्हातारे शेजारी शेजारी उभे केलेत, ते तुम्ही ‘श्रद्धाळू’ हा एकच शिक्का सगळ्यांना मारू नये म्हणून.

त्या दिवशी अल्योशा कोसळतो. देव नाही असं त्याला वाटत नाही. ज्या माणसावर त्यानं जगात सगळ्यात जास्त प्रेम केलं, त्याची अशी विटंबना होऊ दिली गेली, ती त्याला सोसवत नाही. राकितिन नावाचा विद्यार्थी त्याला सॉसेज आणि व्होडका देऊ करतो, तो हो म्हणतो. ग्रुशेन्काकडे चल म्हणतो, तिकडेही तो निघतो. ही गावानं ओवाळून टाकलेली बाई. पोराला नासवायचं म्हणून ती त्याच्या मांडीवर येऊन बसते. तेवढ्यात तिला कळतं की त्याचा गुरू आजच गेलाय. ती दचकते, छातीवर क्रूस काढते आणि चटकन मांडीवरून उठते. बस, एवढंच. चमत्कार झालाच असेल तर तो इथे, त्या उठण्यात. ती उठते तेव्हा अल्योशाही सावरतो. मठात ज्या गोष्टीनं त्याला आधार द्यायचा तिनं दिला नाही आणि जिच्याकडे तो बुडायला गेला तिनं दिला.

आता संशयी बाजूला या. तुमच्या डॉक्टरला संशय फुकट मिळालाय. त्यासाठी त्यानं काय मोजलं? काहीही नाही. त्याची झोप जात नाही, नोकरी जात नाही, कोणाशी नातं तुटत नाही. असला स्वस्त संशय दोस्तोयेव्हस्कीलाही माहीत होता, म्हणून त्यानं तो वेगळ्या माणसांना वाटून दिला. राकितिन आहे, धर्मशास्त्र शिकणारा आणि काहीही न मानणारा. अल्योशाला ग्रुशेन्काच्या दारात आणून सोडल्याबद्दल पंचवीस रूबल खिशात घालणारा. स्मेर्दियाकोव्ह आहे, करमाझोव्हांच्या घरचा नोकर. बारा वर्षांचा असताना त्याच घरातला म्हातारा नोकर ग्रिगोरी त्याला बायबल शिकवत होता. पोरानं विचारलं, देवानं उजेड पहिल्या दिवशी केला आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी, मग पहिल्या दिवशी उजेड आला कुठून? प्रश्न अगदी रास्त आहे. ग्रिगोरीनं उत्तर म्हणून त्याच्या थोबाडीत मारली. पोर कोपऱ्यात जाऊन बसलं, आणि पुढे आयुष्यभर ते त्या कोपऱ्यातच राहिलं असं मला वाटतं. प्रश्नाला थप्पड मिळाली की काय तयार होतं, ते दाखवायला दोस्तोयेव्हस्कीनं एक खुनी उभा केला. आणि हे लिहिणारा लेखक स्वतः धार्मिक होता. आपल्या बाजूच्या माणसाचा हात त्यानं लपवला नाही.

इव्हान मात्र मोजतो. माणसावर लांबून प्रेम करता येतं, जवळून नाही, असं त्याचं खानावळीतलं म्हणणं. पुढे, अकराव्या खंडात, बर्फाच्या वादळात तो स्मेर्दियाकोव्हकडे निघालाय. वाटेत गाणं म्हणत झोकांड्या खाणारा एक दारुडा शेतकरी त्याच्या अंगावर येतो. इव्हान त्याला ढकलून देतो. माणूस बर्फात निपचित पडतो. हा गारठून मरणार, एवढा विचार करून इव्हान पुढे जातो. स्मेर्दियाकोव्ह त्याला सांगतो की तुमच्या बापाचा खून मी केला, आणि तुमच्याच शिकवणीवर केला. परतताना इव्हानचा पाय त्याच देहाला अडखळतो. तो त्याला उचलतो, एका घरचा दरवाजा ठोठावून मदत मागतो, पैसे देतो, पोलीस चौकीत नेतो, डॉक्टर मिळेल असं बघतो. यात त्याचा तासभर जातो आणि त्याला कसं मोकळं मोकळं वाटतं. कोणी प्रवचन दिलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. एका संशयी माणसानं आपलंच वाक्य आपल्या हातांनी खोटं पाडलं, एवढंच घडलं. घरी पोचेपर्यंत तो आनंद विझतो, आणि खोलीत त्याची वाट बघत जुनाट कपड्यांतला सैतान बसलेला असतो. तिथून त्याची बुद्धीच ढळते. तुमच्या डॉक्टरची बुद्धी ढळावी असं मी म्हणत नाही. त्याच्या मताचा त्याच्या अंगावर काहीतरी वळ उठावा, एवढं म्हणते.

एकच कादंबरी किती वेळ सांगणार, असं मागच्या बाकांवर चाललेलं दिसतंय. ठीक आहे. डॉक्टरच हवा ना तुम्हाला? तुर्गेन्येव्हचा बझारोव्ह घ्या, ‘फादर्स अँड सन्स’, १८६२. बेडूक फाडणारा, कोणतीही थोर गोष्ट न मानणारा. टायफसनं मेलेल्या शेतकऱ्याची उत्तरीय तपासणी करताना त्याचं बोट कापतं. जखम जाळायचा खडा तिथल्या डॉक्टरकडे नसतो; घरी येऊन बापाकडे मागेपर्यंत चार तासांवर वेळ गेलेला असतो. याचा अर्थ काय हे त्याला बापापेक्षा चांगलं कळतं. बाप गयावया करतो, मरणापूर्वीच्या विधीला पाद्री बोलावू दे. बझारोव्ह म्हणतो, घाई नको, शुद्ध गेलेल्यांनाही तो विधी करता येतो. शुद्ध गेल्यावर विधी होतो. पवित्र तेल छातीला लागतं तेव्हा त्याचा एक डोळा उघडतो, आणि धूप, मेणबत्ती, पाद्री बघून चेहऱ्यावर भीतीसारखं काहीतरी सरकून जातं. तुर्गेन्येव्ह त्याचा अर्थ सांगत बसत नाही. आणि मुलगा गेल्यावर बंड कोण करतं? तो भाविक म्हातारा बाप. हवेत मूठ उगारून कोणालातरी धमकावतो, आणि म्हातारी त्याच्या गळ्यात पडते, दोघं जमिनीवर कोसळतात. नास्तिक शांतपणे गेला, मूठ आस्तिकानं उगारली. तुमच्या दोन वाटांत हे कुठे बसतं?

उनामुनोची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ तर लहानशी आहे, १९३१ ची, एका दुपारी वाचून होते. स्पेनमधल्या तळ्याकाठच्या गावचा पाद्री, गाव त्याला संत मानतं. सगळं गाव एका सुरात श्रद्धेची प्रतिज्ञा म्हणतं तेव्हा पुनरुत्थान आणि चिरंतन जीवनाच्या शब्दांपाशी पाद्रीचा आवाज थांबतो. गावाच्या आवाजात ते कोणाच्या लक्षात येत नाही, एका मुलीच्या येतं. त्याचा मरणानंतरच्या जीवनावर विश्वासच नाही, आणि तो आयुष्यभर गावाला तो विश्वास देत राहतो. तिचा भाऊ लाझारो अमेरिकेतून येतो, पुरोगामी, पाद्र्यांवर चिडलेला, म्हणजे अगदी तुमचा सुट्टीवरचा इंजिनिअर. त्याचं मन वळतं. पण ते चमत्कारानं किंवा वादानं वळत नाही. पाद्रीनं त्याला खरं काय ते सांगून टाकलेलं असतं, म्हणून वळतं. संशय आणि श्रद्धा इथे दोन माणसांत वाटलेलीच नाहीत. एकाच झग्यात दोन्ही आहेत.

तिकडचं सांगता, इकडचं काय, असंही कोणी म्हणेल. मला तर इकडचंच जास्त लागलंय. दुसरीकडच्या लेखकाला माफ करता येईल, तुम्हाला नाही, कारण तुम्ही या महाराष्ट्रात वाढलात. इथे एक डॉक्टर होऊन गेले. साताऱ्याचे, कबड्डीचे नावाजलेले खेळाडू, १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करणारे नरेंद्र दाभोलकर. आपलं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. चढ्या आवाजात बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. ज्या राज्यात प्रश्न विचारण्याची ही किंमत मोजली गेली, त्या राज्यात तुम्ही संशयी माणूस म्हणून चष्मा पुसत कुत्सित हसणारं सोंग उभं करता? ज्यांच्या कथांत आजी जिंकली त्यांनीच नव्हे, ज्यांच्या कथांत डॉक्टर जिंकला त्यांनीही हे ऐकायचं आहे. तुमचा डॉक्टर जिंकला, पण कष्टानं चार लोकांचं मन वळवणाऱ्या माणसाचं एकही लक्षण त्याच्यात नाही.

आणि आजी! वारकऱ्यांच्या घरातली आजी तुम्ही बिनडोक दाखवलीत. तिच्या तोंडी जे अभंग आहेत ते कधी कान देऊन ऐकलेत? जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. नामदेव त्याच्याशी भांडतात. आणि तुकोबांची मजल तर देवाला मेलेला ठरवण्यापर्यंत गेली आहे. हे सगळं म्हणत म्हणत ती म्हातारी जात्यावर दळण दळत आली, पोरं गमावत आली, दुष्काळ काढत आली. तिला शंका माहीत नाही असं तुम्ही कोणत्या तोंडानं लिहिलंत? देवाशी भांडायचं शिक्षण तिला तुमच्यापेक्षा जास्त मिळालंय. तिच्या नातवाला जो प्रश्न पडतो तो तिला चाळीस वर्षांपूर्वी, चुलीपुढे, तान्हं मूल गेलं त्या रात्री पडून गेलेला असू शकतो. ती रात्र तुमच्या कथेत कुठे आहे?

तुमच्यात गुण नाहीत म्हणून मी एवढं बोलत नाही. एका कथेत आजी अंगाऱ्याची पुडी उघडताना हात कापतो म्हणून ती आधी दोन्ही हात पोटाशी धरते, असं एक वाक्य आहे. ते वाचून मी थांबले होते. तिला स्वतःलाच खात्री नाही, हे त्या हातांत दिसत होतं. पुढच्याच ओळीत लेखकानं मूल बरं करून टाकलं आणि हातात आलेली कथा सोडून दिली. याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. तुम्हाला दिसतं, आणि दिसलेलं लिहायची हिंमत होत नाही.

तेव्हा आता पुन्हा लिहायचं. सगळ्यांनी. मूल बरं होणार नाही आणि मरणारही नाही. कथा संपेल तेव्हा ताप तसाच असेल. बाबा भोंदू निघणार नाही, अंगारा काम करणार नाही. ‘विज्ञान’ आणि ‘श्रद्धा’ हे दोन्ही शब्द कथेत एकदाही येता कामा नयेत. दोघं एकत्र जेवताहेत आणि देवाचा विषय निघत नाही, असा एक प्रसंग हवा. काय वाढलं, कोणी काय पानात टाकलं, ते लिहा. आणि एक पान असं हवं की तुम्हाला न पटणारा माणूस बोलतोय आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नाही. खरंच नाही, उत्तर लपवून ठेवलेलं मला लगेच ओळखू येतं. ज्यांच्या घरी वारी आहे, देवघर आहे, त्यांनी हे पान संशयी माणसाचं लिहायचं. ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं त्यांनी आजीचं. आपसात अदलाबदल चालणार नाही. कोणाच्या घरी काय आहे ते तुमच्या पहिल्या कथांनी मला सांगून ठेवलंय. त्याआधी पाचवा आणि सातवा खंड वाचून यायचं, आणि या वेळी मी तोंडी विचारणार आहे. सोमवारी, पहिल्या तासाला, हातानं लिहिलेलं.